सामनची मधली तुकडी

ऑक्टोबर लागला की तोक्योतल्या आमच्या एदोगावा भागातल्या सुपरमार्केटात मासळीच्या कोपऱ्यावर लाल अक्षरांचा एक कागद लटकतो. शरदातला सामन आला, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. कागद दरवर्षी तोच असणार, कारण त्याच्या एका कोपऱ्यावर चिकटपट्टीचा पिवळा डाग मी कित्येक वर्षं बघते आहे. बाहेर सायकल लावताना हवेत नुकताच गारवा आलेला असतो, आत थंड पेट्यांवर बर्फाची वाफ तरंगत असते, आणि पांढऱ्या ट्रेमध्ये केशरी तुकड्या एकीला एक लागून झोपलेल्या असतात. मी एक ट्रे उचलते, टोपलीत ठेवते आणि तिथेच जरा वेळ उभी राहते. मागची बाई 'सुमिमासेन', जरा सरकता का, म्हणते तेव्हा भानावर येते.

आम्ही इथे आलो ते दोन हजार सालानंतरच्या पहिल्या लाटेत. तेव्हा कंपन्या प्रोग्रॅमर असे आणत होत्या की विमानात अर्धे लोक एकाच बॅगा घेऊन बसलेले दिसायचे: प्रेशर कुकर, मसाल्याचे डबे आणि एक कडक इस्त्रीचा कोट. मिलिंद, माझा नवरा, त्यातलाच एक. तो सकाळी ट्रेनने जायचा आणि मी आमच्या चिमुकल्या ऋचाला सायकलच्या मागच्या सीटवर बसवून बाजार धुंडाळायची. गिरगावातली मी, बांगड्याचा ताजेपणा डोळ्यांवरून ओळखणारी. इथे माशाला डोळेच नाहीत. नुसत्या तुकड्या, त्याही प्लॅस्टिकखाली. आणि रंग! मासा पांढरा असतो, फार तर राखाडी, एवढं मला माहीत. गाजराच्या रंगाचा मासा घरात आणायला माझं मन धजेना.

सामनच्या जाती मला खालच्या मजल्यावरच्या ओकादा-साननी, म्हणजे ओकादाबाईंनी, शिकवल्या. त्या मूळच्या होक्काइदोच्या, सत्तरीच्या, आणि त्यांचं ठाम मत असं की तोक्योच्या लोकांना सामनमधलं काही कळत नाही. त्यांच्या हिशेबी मी तोक्योची नव्हते म्हणून माझ्याबाबत आशा होती. शरदात नदीकडे परतणारा तो साधा सामन. लांबचा पल्ला पोहून आलेला, म्हणून अंगावर चरबी कमी, रंग फिकट, भाव परवडणारा. तोच मासा वेळेआधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाळ्यात सापडला तर त्याला वेळेचं भान नसलेला म्हणतात. तो चरबीने गच्च आणि महाग. त्याला मिठापलीकडे काही लावलं तर ओकादा-सान बोलणं टाकतील. तिसरा लालभडक, थंड समुद्रांतून येणारा, बहुतेक खारवूनच मिळतो, जाळीवर भाजून भाताशी खायचा. आणि सगळ्यांत मोठा तो राजा, कधीतरीच दिसणारा, त्याला लोण्यावर परतून वर सोया सॉसचे दोन थेंब. एक गोष्ट त्यांनी बोट नाचवून सांगितली होती: समुद्रातला रानटी सामन कच्चा खायचा नाही, त्यात किडे असतात. दुकानातली कच्ची कापं असतात ती पाळलेल्या माशांची. मला हे सांगायची गरज नव्हती. मी कच्चं काय, अर्धं शिजलेलंही खाणार नव्हते.

पण शिकवणी लावली म्हणून विद्या येतेच असं नाही. माझी पहिली कालवणं म्हणजे खोबऱ्याच्या रश्शात केशरी भुसा. शरदातला हा मासा कोरडा, त्याला सुरमईसारखं उकळू दिलं की त्याचा लाकडाचा भुगा होतो. रस्सा आधी पूर्ण करून घ्यायचा, आमसुलं टाकायची, उकळी मोडली की तुकड्या अलगद सोडायच्या आणि झाकण ठेवून गॅस बंद करायचा. बाकीचं काम वाफ करते. हे मला आज येतं. तेव्हा मी वाफेवर विश्वास ठेवत नव्हते.

अशा माझ्या कच्च्या काळात आई आल्या. मिलिंदची आई, माझ्या सासूबाई. अलिबागच्या. अण्णा, म्हणजे सासरे, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. घरात त्या एकट्या, म्हणून मिलिंदने हट्टाने तिकीट काढून बोलावून घेतलं. त्याच्या मनात त्यांनी इथेच राहावं असं होतं. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त येतानाच परतीची तारीख नव्या वर्षाच्या सुरुवातीची घेतली होती.

विमानतळावरून घरी आलो, पानं मांडली, आणि आईंनी शांतपणे जाहीर केलं की त्यांनी काशीला मासे सोडले आहेत. वर्षश्राद्धानंतर बायकांच्या मंडळाबरोबर त्या यात्रेला गेल्या होत्या. काशीला गेलं की एक आवडती वस्तू सोडायची, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. लोक त्यातही हुशार असतात. कुणी कारलं सोडतं, कुणी दुधी, आमच्या एका मावशीने तर उपमा सोडला होता. अलिबागच्या बाईने मासे सोडणं म्हणजे मात्र घर सोडण्यासारखंच. मिलिंदचा घास हातातच राहिला. या बाईला गुरुवारसुद्धा शिक्षेसारखा वाटायचा.

आणि सोडले तेही असे की आता जपानात आलेल्या. इथे माशाच्या पाण्याशिवाय काही शिजत नाही. शेवयांचं सूप असो, भाजीवरचा तपकिरी रस असो, सुक्या माशाचा अर्क सगळ्यात. बाहेर काही खायची सोय नाही, घरी वरण-भात, दही-भात, केळं. गारवा वाढत गेला तशा आई आटत गेल्या. त्यांच्या ब्लाउजच्या शिवणी मी एकदा आत घेतल्या, मग पुन्हा घेतल्या. मिलिंद रोज ऑफिसातून फोन करून विचारायचा, आज किती जेवली? मी सांगायचे, बरं जेवल्या. त्या सबंध मोसमात आमच्या घरात काळजी एवढी एकच होती: आई जेवत नव्हत्या, आणि अशाच त्या अलिबागच्या रिकाम्या घरी परत जाणार होत्या.

गंमत अशी की मासे रांधायचे मात्र त्यांनीच. मी खायचं सोडलंय, करायचं नाही, असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. सामनचा पहिला ट्रे उघडल्यावर त्यांनी तो नाकाशी नेला, उजेडात धरला आणि विचारलं, याला आधीच मसाला लावलाय का? रंग बघून त्यांना ते तिखटात मुरवलेलं वाटलं. मी सांगितलं, हा जन्मतःच असा. त्या म्हणाल्या, बरं आहे, तिखट वाचेल.

त्याच आठवड्यात मी लाल सामन आणला. तो खारवलेला आहे हे पाकिटावर लिहिलेलं होतं, पण तेव्हा माझी जपानी अक्षरओळख स्टेशनांच्या नावांपुरती. मासा घरात आला की त्याला हळद-मीठ लावून ठेवायचं, ते लावल्याशिवाय त्याला चूलसुद्धा दाखवायची नाही, हा आमच्या रक्तातला नियम. आईंनी मूठभर मीठ चोळलं. रश्शात पुन्हा वेगळं घातलं. चव बघायचा प्रश्न नव्हता, कारण त्यांना बघायची नव्हती आणि मला त्यांच्यासमोर बघायचा धीर नव्हता. मिलिंदने पहिला घास घेतला आणि पाणी प्यायला. दुसरा घेतला, पुन्हा पाणी. आईंनी विचारलं, कसं झालंय? छान झालंय आई, असं म्हणून तो खातच राहिला. ऋचाला असले शिष्टाचार माहीत नव्हते. बालवाडीतून रोज नवा शब्द घेऊन यायची, त्या दिवशीचा तिने वापरला: शोप्पाई, म्हणजे खारट. आईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, छान लागतंय असं म्हणतेय. तशी आईंनी तिच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

मिलिंदच्या ऑफिसातले आमचे लोक हळूहळू परत जायला लागले होते. कुणाचा प्रोजेक्ट संपलेला, कुणाचे आईवडील थकलेले. प्रत्येक निरोपाच्या जेवणात कुणीतरी उठून सामनचा दाखला द्यायचंच. हा मासा सातासमुद्रापार जातो, पण शेवटी आपल्या नदीकडे परततो, तसे आपण. टाळ्या पडायच्या. परतल्यावर तो अंडी घालून लगेच मरतो, हे मात्र कुणी सांगायचं नाही. मी एकदा सांगितलं. पुढच्या वेळी मिलिंदने मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. तेव्हापासून माशांकडून जगण्याचे धडे घेण्याची मला चीडच आहे. मासा खायचा, त्याला गुरू करायचं नाही.

पण त्याच माशाने मला आईंबद्दल जे दाखवलं, ते मी सून म्हणून नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. एका दुपारी त्या ट्रेवरचं प्लॅस्टिक काढत होत्या. आत नेहमीच्या सारख्या, एका मापाच्या तुकड्या. आई त्या बोटाने बाजूला सारून खाली काहीतरी शोधू लागल्या. मग मला विचारलं, "यात शेपटी कुठे आहे?"

मी सांगितलं की इथे शेपटी वेगळी काढतात, ट्रेमध्ये सगळ्या मधल्याच. "सगळ्या मधल्या?" त्या म्हणाल्या. "मग घरातली बाई काय खाते?"

हे त्यांनी चेष्टेत विचारलं नव्हतं. मी हसले, आणि हसताहसता थांबले. कारण मला आमची गिरगावातली जेवणं आठवली. मधली तुकडी वडिलांची, मग भावाची, मग माझी. माझ्या आईच्या ताटात काय असायचं? मी कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी तिचं ताट दिसेना. ती सगळ्यांच्या मागून जेवायची आणि तोवर आम्ही उठलेले असायचो. पातेल्याच्या तळाशी शेपटीची तुकडी असायची, तिच्यावर रस्सा, एवढंच. ही रीत कुणी घातली नाही आणि कुणी मोडली नाही. माझ्याही घरात, तोक्योत, इतकी पुढारलेली मी, अख्खा बांगडा मिळाला की डोक्याकडचा जाड भाग मिलिंदला वाढत होते आणि शेपटी माझ्याकडे येत होती. मला ते तोवर दिसलंही नव्हतं.

त्या दुपारी आई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. रस्सा मी ढवळत होते, खिडकीची काच वाफेने धुरकट झाली होती. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

"हे गेल्यावर एकदा सुरमई आणली मी. छोटीच. कालवण केलं, ताट घेऊन बसले. शेपटी घेतली, खाल्ली. मग पातेल्यात बघते तर मधल्या सगळ्या तशाच. वाढायच्या कुणाला? मला घेताच येईना गं. हात जाईना. शेवटी शेजारी देऊन आले. पुढच्या बुधवारीही तेच. मग काशीला गुरुजींनी विचारलं, काय सोडता? म्हटलं, मासेच सोडते. सुटेन एकदाची."

अण्णा वाईट नव्हते. त्यांनी आईंवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही, आणि स्टेट ट्रान्सपोर्टच्या गाडीत खिडकीची जागा ते नेहमी आईंना द्यायचे. मी फक्त विचारलं, "आई, मधली तुकडी तुम्हाला आवडते का?"

"काय माहीत," आई म्हणाल्या, आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी कांदा चिरायला घेतला. खरं तर कालवणाला कांदा लागतच नव्हता.

आता ऋचा मोठी झाली आहे, योकोहामात नोकरी करते. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते, पण मराठीत रागावते. आली की सामन तीच करते, तिच्या पद्धतीने. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात कोबी, कांदा, वर सामनची तुकडी, वर सोयाबीनचं गोडसर मिसो आणि लोणी, आणि पुडी बांधून तव्यावर. पुडी उघडली की ओकादा-सानचा सगळा होक्काइदो घरभर पसरतो. ओकादा-सान गेल्या, आईही गेल्या. पाककृती मात्र टिकतात, आणि बिघडलेल्या जास्त टिकतात. खारवलेल्या सामनचं कालवण आमच्या घरात अजून नुसतं नाव काढलं तरी मिलिंद पाणी पितो. ऋचा ताटं वाढते तेव्हा कुणाच्या ताटात कुठली तुकडी गेली ते ती बघतही नाही. मी बघते. मला वाटतं, मी मरेपर्यंत बघणार.

तर आई आल्या त्या वर्षी डिसेंबरात मिलिंदच्या साहेबांकडून वर्षअखेरची भेट म्हणून एक लांबलचक खोका आला. आत अख्खा सामन. डोकं, आकड्यासारखा वाकलेला जबडा, शेपटी, सगळ्यासकट खारवलेला. मिलिंद घाबरून म्हणाला की कुणाला तरी देऊन टाकू. आईंनी त्याला बाजूला केलं. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. एवढे दिवस प्लॅस्टिकखालचे तुकडे हाताळले होते, आज समोर मासा होता.

या खेपेला मी शहाणी होते. ओकादा-सानना वर बोलावलं. त्यांनी सांगितलं, तुकड्या करा आणि किंचित खारट पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा. साध्या पाण्यात मीठ नीट निघत नाही, मिठाच्या पाण्यात निघतं. मी भाषांतर केलं. आईंना ते एकदम पटलं. दुःखाचंही तसंच असतं, असं काहीतरी त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग आज हळदच लावू नुसती." ओकादा-साननी डोकं मागून घेतलं. त्याच्या नाकातली कुरकुरीत कूर्चा बारीक चिरून मुळ्याबरोबर शिरक्यात घालतात म्हणे. डोकं घेऊन त्या अशा खुशीत जिना उतरल्या की आई दारात उभ्या राहून बघत होत्या.

रविवार होता. आईंनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पाट नाही म्हणून ऋचाची उशी घेतली आणि मांडी घालून बसल्या. विळी नव्हती, जपानी सुरी होती. तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण माशावर होता. कापताकापता त्या स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "काशीला मी मासे सोडते म्हटलं, तेव्हा माझ्या मनात कोण कोण होतं? सुरमई, पापलेट, हलवा, बांगडा, बोंबील. हा कुठे होता? ज्याला ओळखतच नव्हते, त्याला सोडणार कशी?"

हो म्हटलं असतं तर त्या मागे फिरल्या असत्या, हे मला माहीत होतं. म्हणून मी लसणीची वाटी त्यांच्याजवळ सरकवली आणि नारळाचं पाकीट फोडायला घेतलं.

त्यांनी सगळं त्यांच्या क्रमाने केलं. लसूण ठेचून फोडणीला, नारळाचं वाटण, अलिबागहून आणलेला मसाला, चार आमसुलं, आणि भिजवून, निथळून, हळद लावलेल्या तुकड्या अगदी शेवटी. काही तुकड्या रव्यात घोळवून तव्यावर. उन्हाचा एक चौकोन तातामीच्या चटईवर पडला होता, तिथे आम्ही पानं मांडली. ऋचा सगळ्यांच्या आधी बसली होती.

मी वाढायला उठले तर आई म्हणाल्या, तू बस. त्यांनी पातेलं जवळ ओढलं. एक मधली तुकडी ऋचाच्या ताटात घातली. एक माझ्या. मग डाव पातेल्याच्या कडेने फिरवत थोडा वेळ थांबल्या, आणि तिसरी मधली तुकडी स्वतःच्या ताटात घेतली. थोडा रस्सा ताटाबाहेर सांडला. शेवटी तळाशी गेलेली शेपटी शोधून काढली आणि ती मिलिंदला वाढली.

मिलिंदने ताटाकडे बघितलं, मग आईंकडे. "आई, ही शेपटी आहे."

"हो."

त्याने ती उलटीपालटी केली. पर, कातडी, मधोमध काटा. "यात खायचं काय?"

आईंनी आपली तुकडी बोटांनी मोडली, भातात कालवली आणि पहिला घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला.

"शोध," त्या म्हणाल्या. "सापडतं." आणि त्याच्याकडे न बघता दुसरा घास घेतला.